डोळ्यांचं उष्टं

ज्यांच्या डोळ्यांवर सध्या पट्टी आहे, त्यांनी हे दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं. आणि जो वाचून दाखवणार असेल त्याने आधी साबणाने हात धुवावेत. मी चेष्टा करत नाही. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा लोकांनी धीर दिला, अंगारे दिले, धने भिजवलेलं पाणी दिलं. हात धुऊन मात्र एकच जण आली. तिची गोष्ट पुढे सांगते.

मी कुणाला शहाणपण शिकवायला बसलेली नाही. शाळा माझी सातवीच्या फायनलपर्यंत, आणि डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. मला राग आला आहे, तो इतके दिवस झाले तरी उतरत नाही, आणि भांड्यांवर काढून काढून घरातल्या भांड्यांना पोचे आले. म्हणून आता कागदावर काढते आहे.

पाण्याचं काम

मी सुमन, पिंपरीजवळच्या रहाटणीची सून. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माझा नवरा आणि मुलगी चिमी. चिमी तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. नवरा मळ्यातली भाजी पिंपरीच्या कॅम्पातल्या बाजारात नेऊन विकतो. आमच्या भावकीतून कारखान्यात जाणारी पहिली बाई मीच. त्यावरून गावात जे बोलणं झालं ते आत्यांनी एकट्यांनी परतवलं. "माझी सून स्टुलावर बसून काम करती, तुमच्यावानी दुसऱ्याच्या दारात बसून चकाट्या न्हाई पिटत," असं त्या पाणवठ्यावर तोंडावर सांगायच्या.

कारखाना खाजगी, फार मोठा नाही. इंजेक्शनची पावडर कालवायला जे पाणी लागतं, ते तिथे काचेच्या कुप्यांत भरून कुप्यांची तोंडं वितळवून बंद करतात. आमचं काम तपासणीचं. समोर दिवा, त्याच्या मागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा फळा. कुपी दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, आत केस, काचेचा कण, कापसाचा तंतू तरंगतो का ते पाहायचं. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा पांढऱ्यावर. मला ते काम फार आवडायचं. माझ्या शेजारच्या स्टुलावर इंदू बसायची. साताऱ्याकडची, चिंचवडला भावाकडे राहणारी. ती म्हणायची, "सुमे, तुला पाण्याच्या पोटातलं बी दिसतं गं." आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो होतो आणि दोघीही कच्च्या होतो. काही महिन्यांनी कारखान्याचे डॉक्टर डोळे तपासणार आणि मग पक्कं करणार, असं ठरलेलं. म्हणजे नोकरी राहणार की जाणार, हे सगळं डोळ्यांवर होतं.

स्वच्छता एवढी, की विचारू नका. डोक्याला फडकं, हातात बांगडी नाही, कपाळाला कुंकू बेताचं. उघड्या कुपीला नुसतं बोट लागलं तरी ती बाद. आम्हीही काही कमी नव्हतो. पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ एकच पेला होता आणि सगळ्या जणी वरून पाणी प्यायच्या. चुकून कुणाचे ओठ लागले, तर तीच पेला राखेने घासून ठेवायची. उष्टं म्हणजे उष्टं.

कामाची पाळी सुरू होण्याआधी आम्ही कारखान्याच्या दवाखान्यासमोर रांगेत उभ्या राहायचो. दिव्याकडे पाहून डोळे शिणतात, म्हणून कंपनी सगळ्यांच्या डोळ्यांत बोरिकचे थेंब घालायची. कंपाउंडर शंकरराव वयस्क आणि मायाळू. "वर बघ पोरी," म्हणायचे आणि हलक्या हाताने थेंब सोडायचे. बाटली एक, ड्रॉपर एक. ड्रॉपरचं टोक पापणीला लागायचं, थेंब पडायचा, ड्रॉपर परत बाटलीत, की पुढची बाई पुढे. त्या थेंबांचा आम्हाला कोण अभिमान! मी घरी येऊन सांगायचे, "आत्या, कंपनी आमच्या डोळ्यांची काळजी घेते." आत्या ते गावभर सांगायच्या.

सगळ्या कुप्यांत धूर

एकदा मशीनच्या फिटरच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला. शंकररावांनी तो काढला, आमच्याच बाटलीतले थेंब घातले. दोन-चार दिवसांनी त्याचा डोळा लाल झाला. पुढच्या आठवड्यात आमच्या रांगेतल्या दोघी-तिघींचे डोळे आले. मग आणखी काही जणींचे.

डोळे येणं कुणाला नवीन आहे? दरवर्षी येतात आणि जातात. हे मात्र जाईनात. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी दारातूनच आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही बायका काजळ घालता, त्याने झालं." दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: काजळ लावून कामावर येण्यास सक्त मनाई आहे. सुपरवायझर बाई ओल्या कापसाने एकेकीच्या पापण्या पुसून पाहायला लागल्या. कापूस एकच असायचा, हेही सांगून ठेवते. आणि उपाय म्हणून थेंब दिवसातून एकदा होते, ते तीनदा केले.

आजार जितका वाढला तितके थेंब वाढले, आणि थेंब वाढले तितका आजार वाढला. आणि आम्ही शहाण्यासारख्या दिवसातून तीन वेळा डोळे वासून उभ्या राहत होतो.

माझा उजवा डोळा आधी आला. सकाळी उठले तर पापणीखाली वाळू भरल्यासारखं, आणि कानाच्या पुढे एक गाठ, दाबली की ठणकणारी. तरी कामावर गेले. कच्च्या बाईला सुट्टी कुठली? दोन-तीन दिवसांत डावाही आला. मग एका दुपारी मी कुपी दिव्यासमोर धरली, तर आत धूर. दुसरी धरली, तिच्यातही धूर. मी सगळ्या बाद करत सुटले. सुपरवायझर बाई धावत आल्या, "अगं, चांगला माल बाद करतेस?" इंदूने माझ्या हातातली कुपी घेतली, बघितली आणि हळूच म्हणाली, "सुमे, पाणी साफ हाय गं." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती कुपी चांगल्या मालात ठेवली. तिचेही डोळे तोवर लाल झालेले होते.

पाणी स्वच्छ होतं. धूर माझ्या बुबुळावर होता. स्टुलावरून उतरताना मला पायरी दिसली नाही. मी खरोखर घाबरले ती तिथे.

घरातलं ऊन

आमच्याकडे समज असा, की डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात. त्यामुळे गावात माझ्याकडे कुणी बघेना. जावा दारात येऊन पाठमोऱ्या बोलायच्या. ऊन सुईसारखं टोचायचं म्हणून मी माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे.

चिमीला माझ्यापासून लांब ठेवलं. ती उंबऱ्यापाशी येऊन "आई, आई" करायची आणि नवरा तिला उचलून मळ्यात न्यायचा. एकदा ती निसटली आणि येऊन माझ्या पाठीला बिलगली. मी ओरडले, "घेऊन जा तिला!" पोटच्या पोरीवर असं ओरडावं लागलं. पोर इतकी दचकली, की पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे यायला बिचकायची. याचा हिशोब कुठल्या डॉक्टरकडे मागायचा?

नवऱ्याचं वेगळंच. "काय अडलं हुतं कारखान्याचं? घरात भाकरी कमी हुती व्हय?" तो वाईट नाही, भ्यायला होता. पण भ्यालेला पुरुष रागावतो आणि बायकोने ते समजून घ्यायचं, हा कुठला न्याय? मी म्हणाले, "माझे डोळे गेलेत, कान न्हाई. हळू बोला." मग तो बाहेर जाऊन बैलांशी बोलत बसला.

आणि आत्या. आत्यांनी कारखान्यातली ती काजळाची गोष्ट ऐकली होती. चिमीसाठी त्या घरी काजळ धरायच्या, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून. त्यातलंच बोटभर मी लावायचे. एका सकाळी ताटली दगडाने चेचल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय झालं आत्या?" त्यांची पावलं आडाकडे गेली. नंतर नवऱ्याने सांगितलं, त्यांनी ताटली आडात टाकली आणि जेवल्या नाहीत. आपल्या हाताने सुनेचे डोळे घालवले, असं त्या धरून बसल्या होत्या.

पट्टी

शेवटी नवऱ्याने मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक दिवा माझ्या डोळ्यांजवळ आणला. इतक्या दिवसांत माझ्या डोळ्यांत निरखून पाहणारा तो पहिला माणूस. "बुबुळावर ठिपके आलेत," ते म्हणाले, "सूजही फार आहे. ठेवून घ्यावं लागेल." मी विचारलं, "ठिपके जातील का?" ते म्हणाले, "बहुतेकांचे जातात. वेळ लागतो." बहुतेकांचे म्हणजे सगळ्यांचे नाही, एवढं मराठी मला येतं.

दोन्ही डोळे बांधले. ज्यांना पट्टी आहे त्यांना एक सांगते. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट. आपण कुठे आहोत हेच कळत नाही, कोणी जवळ आलं तरी दचकायला होतं. मग हळूहळू दवाखाना कानांनी कळायला लागतो. सकाळी बादल्यांचा आवाज, मग दुधाच्या भांड्याचा, मग डॉक्टरांच्या बुटांचा. डाव्या खाटेवरची म्हातारी दिवसभर सुनेला शिव्या द्यायची. मला त्याची इतकी सवय झाली, की ती घरी गेली तेव्हा चुकल्यासारखं वाटलं.

सिस्टर मार्था म्हणून एक नर्स होती. तिचं येणं मी साबणाच्या वासावरून ओळखायचे. प्रत्येक खाटेपाशी येण्याआधी नळ वाजायचा. आणि खोलीच्या टोकाला कायम एक आवाज असायचा: पाणी खळखळतंय आणि त्यात काच वाजतेय, किणकिण, किणकिण. एक दिवस मी विचारलं, "सिस्टर, हे काय वाजतं?"

"तुमच्या डोळ्यांत घालायचे ड्रॉपर. उकळायला ठेवलेत."

"रोज उकळता?"

"रोज काय बाई, प्रत्येकीनंतर. एकीचा दुसरीला लावला तर सगळा वॉर्ड आंधळा होईल."

ती सहज बोलली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी मात्र उठून बसले. पट्टीच्या आतल्या काळोखात मला शंकररावांचा हात दिसला. पापणीला लागणारी काच. बाटलीत परत जाणारी काच. माझ्या पुढे इंदू, इंदूच्या पुढे तो फिटर. मी इतक्या जोरात "अगं बाई!" म्हणाले की म्हातारी शिव्या द्यायची थांबली.

आजारात सगळ्यांना रडू येतं. मला त्या दिवशी राग आला, आणि खरं सांगते, त्याने मला बरं वाटलं. भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई त्या दिवशी संपली.

नळीतली बाई

पुढच्या आठवड्यात आवाजावरून तरुण वाटणारे एक डॉक्टर आले. नाव आपटे. ते औषध देणारे नव्हते, प्रयोगशाळेतले होते. एकाच कारखान्यातल्या इतक्या बायकांचे डोळे आले, हे कळल्यावर ते खास आले होते. त्यांच्याबरोबर थर्मासात बर्फ आणि बुचं लावलेल्या काचेच्या नळ्या होत्या, असं सिस्टरने सांगितलं. पट्टी तेवढ्यापुरती सोडून काडीला गुंडाळलेल्या कापसाने त्यांनी माझ्या पापणीच्या आतून पाणी टिपलं. दुखलं. मग दंडातून रक्त काढलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

ते नीट बसले आणि सांगायला लागले. इतक्या जणांत मला नीट सांगणारा तो पहिलाच. त्यांना संशय होता तो एका विषाणूचा. त्याला ॲडेनो म्हणतात. अमेरिकेत तो पहिल्यांदा लहान मुलांच्या घशातून कापून काढलेल्या ॲडेनॉइड नावाच्या गाठींत सापडला, त्यावरून नाव. इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. आणि इतर जंतू प्रयोगशाळेत मांसाच्या रश्श्यात वाढतात, तसा हा वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागतात.

"मग त्या कुठून आणता?"

"काचेच्या नळीत वाढवतो. माणसाच्या पेशी. काचेला आतून चिकटून वाढतात. त्यावर तुमच्या डोळ्यातलं पाणी घालायचं. विषाणू असेल तर पेशी फुगतात, द्राक्षाच्या घोसासारख्या गोळा होतात आणि काचेवरून सुटतात."

"कुणाच्या पेशी?"

"अमेरिकेतल्या एका बाईच्या. तिला गाठ झाली होती, त्यातल्या. बाई कधीच वारली. पेशी अजून वाढताहेत, सगळ्या जगभर."

मी त्यांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग विचारलं, "तिचं नाव काय?"

"नळीवर नाव नसतं, बाई. खूण असते."

"तिला विचारलं होतं?"

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. मला आवाजावरून वाटलं, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी केला नसावा. कारखान्यात आमच्याही छातीवर बिल्ला असतो आणि त्यावर आकडा असतो. माझ्या डोळ्यातलं पाणी आता त्या बाईच्या पेशींवर जाऊन पडणार होतं. तिला मरूनही सुट्टी नव्हती. आणि तिच्याच जिवावर मला माझ्या आजाराचं नाव कळणार होतं. मी मनात तिला हात जोडले, आणि मग माझा राग आणखी वाढला. हात जोडून काय होतं?

"डॉक्टर," मी म्हणाले, "पाणी माझ्या डोळ्यातलं नेताय, तसा कारखान्याच्या दवाखान्यातला ड्रॉपरही न्या." आणि त्यांना रांगेचं सगळं सांगितलं. ते उठून उभे राहिले, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. जाताना म्हणाले, "बरं झाल्यावर एकदा परत या. दुसरं रक्त लागेल. आजारातलं आणि बरं झाल्यावरचं, दोन्ही लागतात. त्याशिवाय खात्री होत नाही."

दुसरं रक्त

पट्टी सुटली तेव्हा जग दूध कालवलेल्या पाण्यासारखं होतं. दिव्याभोवती कडं दिसायचं. बिनपगारी रजेवर मी घरी होते. रोज ओसरीवर उभी राहून समोरच्या चिंचेची पानं वेगळी दिसतात का पाहायचे. कधी दिसायची, कधी नुसता हिरवा गोळा. चिमी हळूहळू जवळ यायला लागली. एक दिवस तिच्या कानातलं बारीक डूल मला स्पष्ट दिसलं, आणि तिच्या मानेला तोंड लावून मी खूप रडले.

इंदूला दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं. थोडं बरं वाटताच ती कामावर गेली. कच्च्यांची डोळेतपासणी लागली, त्यात पहिल्याच तुकडीत तिचं नाव आलं. खालच्या ओळी तिला वाचता आल्या नाहीत. "नजर अपुरी" म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. तिची नजर कुणी अपुरी केली, ते कुठे लिहायची सोय नव्हती. तिचा बिल्ला मात्र आठवणीने काढून घेतला.

मी दुसरं रक्त द्यायला पुण्याला निघाले तेव्हा आत्या माझ्याबरोबर आल्या. "रगात काढत्यात, यकली कशी जाशील," म्हणाल्या. आपटे डॉक्टरांनी आम्हाला बसवलं. माझ्या डोळ्यातल्या पाण्याने नळीतल्या पेशी फुगून सुटल्या होत्या. ड्रॉपरचंही तेच. कारखान्याने त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. पण शंकरराव फाटकाबाहेर आले आणि रुमालात गुंडाळून बाटली आणि ड्रॉपर त्यांच्या हातात ठेवून गेले. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते. "माझ्याच हातून झालं असेल तर मला कळू द्या," एवढंच म्हणाले म्हणे.

आत्या खाली मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "डाक्टर, मंजी काजळानं न्हाई झालं?"

"नाही आजी. या वेळी काजळाचा काही संबंध नाही. एकाच ड्रॉपरने एकीचं दुसरीला गेलं."

आत्यांना ते समजायला एक क्षण लागला. मग त्या उभ्या राहिल्या. "मंजी उष्टं! अवं, आमी आडाणी मानसं पेल्याला तोंड लावत न्हाई, वरनं पाणी पितो. आन् ह्ये शिकलेले साहेब समद्यांच्या डोळ्यांना यकच काच लावत हुते? उष्टी काच? आन् वर माझ्या काजळाला बोलले? मी माझी ताटली आडात टाकली, डाक्टर! सासूच्या हातची ताटली हुती ती!"

सगळी प्रयोगशाळा थांबून बघत होती. मी त्यांचा हात धरला. इतके दिवस ही बाई माझं आंधळेपण आपल्या माथ्यावर घेऊन जगत होती. मी म्हणाले, "आत्या, बसा." त्या म्हणाल्या, "न्हाई बसत."

आपटे डॉक्टरांनी कारखान्याला सगळं कळवलं. उत्तर आलं, की थेंब घालणं आता बंद केलं आहे, तेव्हा विषय संपला. काजळाची पाटी मात्र तशीच राहिली.

तपासणी

माझी पाळी आली ती दुसऱ्या तुकडीत. डाव्या डोळ्याचे ठिपके गेले होते. उजव्यात एक उरला होता. ऊन असेल तर दिसायचं, ढग असतील तर अक्षरं पसरायची. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. पवना नदी ओलांडताना मी वर बघून आभाळाला शिव्या दिल्या.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब बसलेले, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, माझ्या मागे बायकांची रांग. साहेब म्हणाले, "आधी थेंब, मग तक्ता." रोजचे थेंब बंद झाले होते, तपासणीचे नाही. शंकररावांनी बाटली उचलली. नवी बाटली, नवा ड्रॉपर. पण माझ्या आधीच्या बाईच्या डोळ्यांना लावलेला, तसाच ओला.

"उकळा," मी म्हणाले.

साहेबांनी वर पाहिलं. "काय?"

"ड्रॉपर उकळा, मग घाला. उष्टा आहे तो."

"तुला नोकरी हवी की नको?"

"हवी. म्हणूनच सांगतेय."

ते हसले, मग हसायचे थांबले. "बाजूला हो. पुढची ये."

चिमी, आत्या, चिंचेची पानं, ती ओसरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बाजूला झाले असते तर परत कुणी बोलावलं नसतं. मी हलले नाही. मागची मुलगी नवी होती, तिला मी नावानेही ओळखत नव्हते. तिने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "आदी त्यांची पाळी हाय, साहेब." तिच्यामागची म्हणाली, "आमाला बी उकळूनच घाला." मग रांगेतून कुणी पुढे आलं नाही.

साहेब शंकररावांकडे बघत राहिले. शंकररावांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते खाली बसले, स्टोव्हला पंप मारला, पातेल्यात पाणी ओतलं आणि ड्रॉपर त्यात सोडला. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. पाणी तापायला किती वेळ लागतो हे बाईला कुणी सांगायला नको, पण त्या दिवशी तो वेळ संपता संपेना. मग तळाशी बुडबुडे आले, पाणी खळखळलं आणि काच वाजू लागली.

किणकिण, किणकिण. मागून कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

तक्ता मी वाचला. शेवटच्या ओळीतलं एक अक्षर पसरलं होतं, ते अंदाजाने सांगितलं आणि बरोबर निघालं. हे साहेबांना सांगू नका. मी पक्की झाले.

इंदू

इंदू चिंचवडला भावाच्या घरी असते. माणसं तिला दिसतात, रस्ता दिसतो. बारीक अक्षर दिसत नाही, सुईत दोरा जात नाही. तिच्या स्टुलावर दुसरी मुलगी बसते आणि चांगली तपासते. मला तिचा राग येत नाही. भिंतीवरच्या पाटीचा येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

इथवर सगळं लिहून झाल्यावर मी तिच्याकडे गेले. आत्यांनी नव्या ताटलीवर धरलेलं काजळ तिच्या भाचरासाठी नेलं होतं. तिने मला दारातच अडवलं, तांब्याने हातावर पाणी घातलं, साबण दिला आणि मग आत घेतलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, डोळे मिटून. स्वतःचं नाव आलं तेव्हाही तिने डोळे उघडले नाहीत.

मी विचारलं, "कसं झालंय?"

ती डोळे मिटूनच माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "परत वाच. रांगेसमोर ती काच वाजती, तिथनं."